आरशामागची माती

घाईबाईला चालताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. ती धावायची. घरातून भट्टीकडे, भट्टीकडून चाकाकडे, चाकावरून उठून गॅसवरच्या दुधाकडे, आणि एवढं करून दूध उतू जायचं ते जायचंच. तिच्या नवऱ्याला सगळे निवांतराव म्हणत. हा माणूस जेवायला बसला की ताटातलं अन्न निवायचं आणि बोलायला लागला की ऐकणाऱ्याला जांभया यायच्या. बायकोची धावपळ पाहून तो एवढंच म्हणे, "अति घाई, संकटात नेई." त्यावर ती विचारी, "आणि तुमचा निवांतपणा कुठे नेतो हो? अंथरुणातच ना?" गेली तीसेक वर्षं हा संवाद एक शब्द न बदलता चालू होता.

दोघांचं काम पांढऱ्या मातीच्या भांड्यांचं. वाडगे, किटल्या, झाकणाच्या बरण्या. माती खोदायची आणि भांडी भाजायची ती त्याने, माती मळायची आणि चाकावर उभी करायची ती हिने. घर टेकडीच्या उतारावर एका सपाट टप्प्यावर होतं आणि टप्प्याच्या अगदी कडेला भट्टी. खाली उतार संपे तिथे मातीचे खड्डे, आणि त्यांच्यापुढे दुसऱ्यांची सपाट शेतं, नजर पोचेल तिथपर्यंत. खड्डे मात्र सगळे टेकडीच्या पायथ्याला चिकटून एका रांगेत होते. दोरी धरून आखल्यासारखे. ही रांग अशी सरळ का, असा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नव्हता. रोजच्या डोळ्यांसमोरच्या गोष्टींबद्दल प्रश्न कोण विचारतो?

खड्डा घेतला की थोड्या खोलीवर पांढऱ्या मातीचा थर लागे. मग टेकडीच्या दिशेने तो खोदत जायचं. पण सगळ्यात जुना एक सोडला तर प्रत्येक खड्ड्यात केव्हा ना केव्हा थर सुरीने कापल्यासारखा संपायचा आणि समोर दगडाची भिंत यायची. ही भिंत सरळ उभी नसे, टेकडीकडे थोडी मागे रेललेली असे. आणि गुळगुळीत तर इतकी, की ओल्या फडक्याने पुसली तर कंदिलाची ज्योत तिच्यात दिसावी. घरात तिला आरसा म्हणत.

या आरशाचा एक नियम होता. घाईबाईच्या सासऱ्यांनी, म्हणजे थोरल्यांनी, तरुणपणी आरशाच्या पायाशी आणखी खाली खोदून पाहिलं होतं. खालून पाण्याचा लोंढा आला, खड्ड्याची कड बसली आणि त्यांचा पाय तिच्याखाली सापडला. जन्मभर ते लंगडत चालले. तेव्हापासून ठरलं: आरसा लागला की कुदळ खाली ठेवायची, मातीचा एक गोळा आरशावर थापायचा, त्यावर अंगठा उमटवायचा, आणि पुन्हा त्या खड्ड्यात कुणी कुदळ मारायची नाही.

एका सकाळी निवांतराव रांगेतल्या शेवटच्या खड्ड्यातून वर आला. नळाखाली हात धुतले, बोटं एकेक करून पुसली आणि म्हणाला, "संपली."

"काय संपलं? साखर?"

"माती. आरसा लागला. अंगठा लावून आलो."

घाईबाईच्या हातातला वाडगा चाकावरच कलंडला. रांगेत नवा खड्डा घ्यायला आता जागा नव्हती. शेतं दुसऱ्यांची. विकतची माती एकदा आणून पाहिली होती, तिच्यावर यांची झिलई बसेना आणि भट्टीतून निघाले ते ठिकरे. घरात होती ती माती फार तर एका भाजणीची. निवांतरावाने तेवढ्यातच पुढचं सगळं ठरवलंही होतं: ही शेवटची भट्टी लावायची आणि शहरात मुलाकडे राहायला जायचं.

"बाल्कनीत ठेवू की तुझं चाक," तो म्हणाला.

"बाल्कनीत चाक! आणि भांडी काय कुकरमध्ये भाजू?"

ती ओरडली खरी, पण आतून घाबरली होती. या घरात ती आली तेव्हा तिला धड चहा करता येत नव्हता. थोरल्यांनी तिला चाकावर बसवलं आणि तिच्या लक्षात आलं, की चाक आपल्याइतक्याच वेगाने पळतं. जगात आपल्या वेगाचं काहीतरी आहे, हे तिला त्या दिवशी कळलं होतं. आता ते काढून घेतलं तर नुसत्या हातांचं करायचं काय?

सामान बांधायला मदत म्हणून सून आली. मुलाला रजा नव्हती. सून शहरात कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. लग्न होऊन घरात आली तेव्हा तिच्या सामानात दगडांनी भरलेली एक पेटी होती, आणि ती उचलताना निवांतरावाची कंबर धरली होती. सासूसुनेत भांडण असं कधी झालं नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. सून शांत, मोजकं बोलणारी. सासरा आणि सून एका खोलीत बसले तर खोली रिकामी आहे असं वाटायचं.

पहिल्याच दुपारी घाईबाई दाणदाण माती मळत होती आणि सून शेजारी वाडगे कागदात गुंडाळत होती. माती मळायचा दगड म्हणजे आरशाचाच एक तुकडा. घाईबाई नवी नवरी असताना निवांतरावाने तो खड्ड्यातून काढून, ओट्यावर बसवून दिला होता. त्याने बायकोला दिलेली ती पहिली आणि बहुधा शेवटची भेट. सुनेने सहज त्यावरून हात फिरवला आणि हातातला वाडगा खाली ठेवला.

"आई, हा दगड कुठला?"

"आरसा तो. खालच्या खड्ड्यातला."

"यावरच्या रेघा पाहिल्यात?"

"रोज पाहते. का गं?"

सून जवळ जवळ ओट्यावर चढलीच. "डोळे मिटा आणि अशी बोटं फिरवा. आता उलटी फिरवा."

घाईबाईने फिरवली. एकीकडे बोटं घसरत गेली, दुसरीकडे बारीक बारीक अडकत गेली. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. इतकी वर्षं या दगडावर तिने माती आपटली होती आणि ही गोष्ट तिला माहीत नव्हती!

"दोन दगड एकमेकांवर घासत गेलेत," सून म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "तुमचा आरसा म्हणजे जमिनीला पडलेली चीर आहे. शाळेत प्रस्तरभंग शिकलात ना, तो. मातीचा थर तिथे संपत नाही, आई. तुटून सरकलाय. अलीकडचा तुकडा इथे आहे आणि पलीकडचा दुसरीकडे कुठेतरी. वर किंवा खाली."

घाईबाईने हातातली माती टाकली. "म्हणजे माती आहे?"

"असणार. हात ज्या दिशेने घसरतो, त्या दिशेने आपल्या बाजूची जमीन सरकली. हा दगड भिंतीत होता तेव्हा वरची बाजू कुठली होती?"

"ही अरुंद बाजू वर, रुंद खाली," घाईबाईने क्षणाचाही विचार न करता सांगितलं. ओट्यावर तो तसाच तर बसवलेला होता: रुंद बाजू तिच्याकडे, अरुंद पलीकडे.

सुनेने पुन्हा हात फिरवला आणि कपाळाला आठी घातली. "मग हात वरच्या दिशेने घसरतो. म्हणजे शेतांची बाजू वर गेली आणि टेकडी खाली बसली. माती खाली असायला हवी. पण हे पटत नाही. टेकडी खाली बसली असेल, तर ती टेकडी कशी राहिली? उद्या जागेवर जाऊन बघू."

'उद्या' हा शब्द घाईबाईच्या कानात शिरलाच नाही. तिला ऐकू आलं ते एवढंच, की माती खाली आहे. सून चहा टाकायला आत गेली आणि घाईबाई कुदळ घेऊन उतारावरून पळत सुटली. ज्या आरशावर नुकताच नवऱ्याचा अंगठा उमटला होता, त्याच्याच पायाशी तिने घाव घातले. मनात थोरल्यांची माफी मागितली आणि हात चालू ठेवला. थोड्याच वेळात कुदळीखाली चिखल लागला, मग चिखल बुडबुडू लागला, आणि मग पाणी असं उसळलं की ती कुदळ टाकून शिडीवर चढली. मागे खड्ड्याची कड धपकन बसली. कोपऱ्यात रचून ठेवलेली शेवटची चार घमेली पांढरी मातीही पाण्यात गेली.

निवांतराव कडेवर येऊन उभा राहिला. त्याने खड्ड्याकडे पाहिलं, बायकोच्या चिखलाने माखलेल्या तोंडाकडे पाहिलं. नियमाचं नाव न काढता त्याने तिला शिडीवरून वर घ्यायला हात दिला, आणि तेच तिला जास्त लागलं.

"सूनबाईचा दगड म्हणाला माती खाली आहे," ती रडवेली होऊन म्हणाली. "रुंद बाजू खाली होती ना..."

"वर होती."

"काय?"

"रुंद बाजू वर होती. ओट्यावर बसवताना मी फिरवली. रुंद बाजू तुझ्याकडे आली तर तुला मळायला सोपं जाईल म्हणून."

"अहो, मग सांगायचं नाही?"

"तू विचारलंस कुठे?"

सून धावत आली होती. ती दोघांकडे बघत राहिली आणि चक्क हसायला लागली. खड्ड्यात पाणी, सासू चिखलात, आणि ही हसते आहे! "अहो, मग सगळं जुळलं! दगड उलटा, म्हणजे उत्तरही उलटं. शेतं खाली बसली आणि टेकडी वर राहिली. माती वर आहे, आई, वर!"

"वर म्हणजे कुठे?" निवांतरावाने हात टेकडीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत सावकाश फिरवला. "एवढी टेकडी आहे. डोंगर पोखरून उंदीर काढायचा का?"

सून रात्रभर कागदावर टेकडी काढत आणि खोडत बसली. सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "आई, मला मातीची एक जाड पोळी करून द्याल? लाल माती, मग पांढरी, मग पुन्हा लाल. फार मऊ नको, फार कडक नको."

माती किती घट्ट हवी, हे घाईबाईला सांगावं लागत नव्हतं. तिने भराभर तीन थर लाटून दोन फळ्यांवर पसरले. फळ्या एकमेकींना टेकलेल्या होत्या. आता त्या हळूच दोन बाजूंना ओढायच्या, म्हणजे वरची माती ताणली जाईल. घाईबाईने ओढल्या आणि पोळी मधोमध टरकन फाटून तिचे दोन तुकडे झाले.

"हळू, आई. जमीन अशी ओढली जाते की नखं वाढतात तेवढाच वेग."

दुसरी पोळी. पुन्हा टरकन. तिसऱ्या वेळी दोघींनी एकाच वेळी मान वर केली आणि दाराकडे पाहिलं. दारात निवांतराव उभा होता. साऱ्या पंचक्रोशीत हे काम करण्याची लायकी असलेला एकच माणूस होता, आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या स्वभावाची कुणाला तरी गरज पडली होती.

"मला काय त्यातलं," तो म्हणाला, पण बसला. त्याने फळ्यांवर हात ठेवले. फळ्या हलतायत की नाही हे कळत नव्हतं. घाईबाई पायाची बोटं आवळून बसली होती. आणि मग पोळीवर एक बारीक चीर उमटली. केसाएवढी. मग थोड्या अंतरावर दुसरी, मग तिसरी.

"आली! आली!" घाईबाई ओरडली.

चिरा लांबत गेल्या. दोन चिरांची टोकं एकमेकींच्या जवळ आली, वळली आणि जुळून एक झाली. बाकीच्या काही सुरू झाल्या त्या तिथेच थांबल्या. मोठीनेच सगळी ओढ आपल्याकडे घेतली. आणि मोठ्या चिरेच्या एका अंगाची माती खाली बसू लागली. दुसरं अंग होतं तिथेच राहिलं, पण आता ते उंच दिसत होतं. पांढरा थर मधेच तुटला होता, एका बाजूला वर आणि एका बाजूला खाली.

"ही आपली टेकडी," सून म्हणाली. "आणि ही शेतं. खरी जमीन अशी एका दमात नाही बसत. वर्षानुवर्षं ताण साठतो, एखाद्या भूकंपात हातभर खचते, की पुन्हा शेकडो वर्षं गप्प. मग पुन्हा हातभर. असं लाखो वर्षं. वर राहिलेली बाजू पाऊस झिजवतो, खालची बाजू तिच्या गाळाने भरते, म्हणून शेतं एवढी सपाट आणि सुपीक. आणि चिरेतून पाणी वर येतं. टेकडीच्या पायथ्याशी झरे आहेत ना, तेसुद्धा खड्ड्यांच्याच रांगेत आहेत, बघा."

घाईबाई ऐकत नव्हती. ती पोळीवर इतकी वाकली होती की नाकाला माती लागली. "सूनबाई, ही चीर मधे उंच आहे. आणि इकडे कडेला येता येता... हे बघ, काहीच नाही! इथे पांढरा थर अखंड आहे."

सून वाकली. मग तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगदी बरोबर. प्रत्येक चिरेला टोक असतं. मधे सगळ्यात जास्त खचलेली, टोकाला शून्य. हे मी दरवर्षी फळ्यावर काढते आणि रात्रभर मला सुचलं नाही! आई, खड्ड्यांची रांग म्हणजे ही चीर. रांगेच्या टोकाला जायचं, जिथे थर तुटलेला नाही तिथून सुरुवात करायची, आणि वरच्या बाजूची माती धरून इकडे यायचं. किती वर आहे ते तीच सांगेल."

"रांगेच्या टोकाला म्हणजे पायरीचा खड्डा," घाईबाई म्हणाली आणि बोलता बोलता थबकली. सगळ्यात जुना तो खड्डा, आरशाचा नियम होण्याआधीचा. तिथल्या मातीत वीतभर उंचीची एक पायरी होती, म्हणून ते नाव. थोरले ती पायरी चढून पुढे खोदत गेले होते. पायरीच्या खड्ड्यातली पायरी आणि बाकीच्या खड्ड्यांतला आरसा ही एकच गोष्ट आहे, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

सासूसुना निघाल्या. निवांतराव आला नाही. "भट्टी लावायची आहे," तो म्हणाला, "आजच पेटवू आणि मोकळे होऊ." राहिलेली भांडी तो आत रचू लागला.

पायरीच्या खड्ड्यापाशी टेकडी उतरत उतरत संपली होती. नुसतं सपाट माळरान. दोघींनी खड्ड्याच्या भिंतीवरचं गवत उपटलं, खुरप्याने माती खरवडली, आणि पांढरी रेघ दिसली. शेतांकडून सरळ आली, वीतभर वर चढली आणि पलीकडे पुन्हा सरळ गेली. घाईबाईने त्या पायरीवर हात ठेवला. एवढीशी तर होती.

पुढच्या खड्ड्यापाशी जमिनीला बांधासारखा उंचवटा होता. उंचवट्याची कड खरवडली तर गुडघ्याएवढ्या उंचीवर पांढरं. त्याच्या पुढे उंचवट्याची दरड झाली होती आणि पांढरं छातीशी आलं. घाईबाई आता अक्षरशः पळत होती. "सूनबाई, जमीन चढते तशी माती चढतेय!"

"टेकडी म्हणजे दुसरं काय, आई? हीच पायरी, साठत साठत वाढलेली!"

शांत, मोजकं बोलणारी सूनही ओरडत होती. दोघी दरडीला लोंबकळत खरवडत होत्या, केसांत काटे, कोपरं सोललेली, आणि दर खड्ड्यामागे पांढरं आणखी वर. पुढे ते डोक्यावर गेलं, मग शिडी लागली. आणि मग एका खड्ड्याच्या वर काहीच सापडेना. नुसते वरून घरंगळलेले दगडगोटे. त्याच्या पुढच्या ठिकाणीही दगडगोटे.

सून मटकन बसली. "हीच भीती होती. वरच्या बाजूची माती पावसाने वाहून गेली असेल. पुष्कळदा असंच होतं."

घाईबाईने मागे वळून आपण खरवडलेल्या जागा पाहिल्या. उतारावर पांढरे ठिपके, एकापेक्षा एक वर. ती रेघ तशीच पुढे गेली तर कुठे जाईल? तिने एक डोळा मिटला, चाकावरच्या भांड्याची कड जोखताना मिटायची तसा, आणि बोट ठिपक्यांवरून पुढे नेलं. दगडगोट्यांवरून, झुडपांवरून, चढत चढत, घराच्या टप्प्यापर्यंत. बोट जिथे थांबलं तिथे भट्टी होती. भट्टीच्या दारात तिचा नवरा शेवटच्या विटा रचत होता.

"काखेत कळसा," ती पुटपुटली, "आणि गावाला वळसा."

त्या दिवशी घाईबाई उतार कशी चढली हे तिलाही सांगता आलं नसतं. "अहो, थांबवा! पेटवू नका! माती भट्टीच्या खाली आहे!"

निवांतरावाने वीट बसवली. "काल खाली होती. सकाळी वर होती. आता भट्टीच्या खाली?" त्याने पुढची वीट उचलली. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. एकदा ठरवलं की मोडायचं नाही, ही त्याची खोड तिला माहीत होती. ती वाद घालत बसली नाही. कुदळ घेऊन टप्प्याच्या कडेखाली उतरली आणि भट्टीच्या बरोबर खालच्या बाजूने उतारात आडवं खोदू लागली. सून गोटे ओढून बाजूला टाकत होती. गोटे, मुरूम, पुन्हा गोटे. घाईबाईचे हात भरून आले. वर काड्यापेटीचा आवाज झाला.

आणि कुदळ टण्णकन वाजली.

दगडावर कुदळ वाजते ती निराळी. हा आवाज या घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. भट्टीतून निघालेलं प्रत्येक भांडं निवांतराव बोटाच्या पेराने वाजवून बघायचा. नीट भाजलेलं भांडं असंच बोलायचं. घाईबाईने पुन्हा घाव घातला. टण्ण. वर काडी पेटल्याचा आवाज आलाच नाही. निवांतराव टप्प्याच्या कडेवर येऊन उभा होता, हातात न पेटवलेली काडी.

"हे काय वाजलं?"

तो खाली उतरला. वाकला आणि पेराने जमीन वाजवून पाहिली. दगडगोट्यांखाली गुलाबी, कडक, खणखणीत भाजलेल्या मातीची लादी होती. "कुणी फुटकी भांडी पुरली असतील," तो म्हणाला, पण त्यालाच ते पटलं नाही. लादीला जोड नव्हता. ती भट्टीच्या खाली अखंड आत गेली होती.

"पुरलेली नाही," घाईबाई म्हणाली. "अहो, आपणच भाजली ही. थोरल्यांनी भट्टी बांधली तेव्हापासूनची प्रत्येक आच हिच्यात उतरली. वर भांडी भाजत होतो आणि खाली ही भाजत होती."

निवांतरावाने तिच्या हातातली कुदळ घेतली. लादीच्या कडेखाली ती घुसवली, एक मोठा तुकडा उपटून काढला आणि खाली हात घातला. हात बाहेर आला तो कोपरापर्यंत पांढरा. मऊ, थंड, लोण्यासारखी माती. त्याने ती बोटांत दाबली आणि जिभेच्या टोकाला लावली. वाळूचा कण नव्हता. खालच्या खड्ड्यांतल्या मातीपेक्षा ती चांगली होती.

सून हसता हसता रडत होती आणि नाक पुसता पुसता नाकाला माती लावून घेत होती. निवांतराव वळून भराभर टप्पा चढला. भट्टीच्या दारातल्या विटा त्याने उपसायला सुरुवात केली, दोन्ही हातांनी, एकावर एक फेकत. "बसलात काय दोघी? भांडी बाहेर काढा. ही भट्टी उतरवायला हवी, मागे मुरमावर नवी बांधायला हवी, पावसाच्या आत छप्पर घालायला हवं. ऊठ गं! किती वेळ ते?"

त्याला धावताना घाईबाईने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. ती उठली नाही. मातीचा गोळा तिने मांडीवर घेतला होता. थोरल्यांनी एवढ्या आरशांवर अंगठा लावला, प्रत्येक वेळी टेकडीकडे तोंड करून उभे राहिले, आणि ही त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांनी बांधलेल्या भट्टीच्या पायाखाली होती. तिने गोळ्यावर आपला अंगठा टेकवला, आणि उमटू न देता तसाच उचलला.

"अगं, ऐकतेस का?" वरून निवांतराव ओरडला.

"थांबा हो जरा," घाईबाई म्हणाली. "घाई काय आहे?"